ला पाझमधला नकली पोलिस आणि त्याच्या आधी भेटणारा 'टुरिस्ट'

साउथ अमेरिकेत बॅकपॅकिंगला निघालेल्या आपल्या पोरापोरींसाठी हे मुद्दाम लिहितेय, खास करून पेरूतून बोलिव्हियात उतरणाऱ्यांसाठी. ला पाझला साध्या कपड्यातल्या कुणी रस्त्यात 'पोलिस' म्हणून कार्ड दाखवलं तर त्याच्यासोबत टॅक्सीत बसायचं नाही, काही झालं तरी नाही. आमचे सहाशे डॉलर गेले, आणि कसे गेले ते बारीकसारीक सांगते, कारण वरवर सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं असं कोण फसतं.

आम्ही चौघं, कॉलेजपासूनचा ग्रुप. पेरूतलं कुस्को, पुनो करून टिटिकाका सरोवराकाठच्या, बोलिव्हियातल्या कोपाकाबानाला आलो आणि तिथून ला पाझची बस धरली. वाटेत तिकिनाला सरोवराचा अरुंद भाग ओलांडायला सगळ्यांना खाली उतरवतात, माणसं छोट्या बोटीतून पलीकडे जातात आणि बस लाकडी तराफ्यावर डुलत डुलत मागून येते, तो टप्पा फार सुंदर आहे. पण आमच्या बसने शहरात मेन टर्मिनलला न नेता मोठ्या दफनभूमीजवळ उतरवलं. या रूटच्या बऱ्याच बस तिथेच थांबतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत पोचेल अशीच बस घ्या.

दुसऱ्या दिवशी दोघांची डोकी ठणकत होती, 3600 मीटर उंचीवरचं शहर आहे ते, म्हणून ते हॉस्टेलवर झोपून राहिले आणि मी आणि माझा मित्र डॉलर बदलायला सान फ्रान्सिस्को चौकाकडे निघालो. आता एवढी कॅश कशाला जवळ ठेवली असं कुणी विचारेल, तर बोलिव्हियात 2023 पासून डॉलरची टंचाई सुरू झाली, सरकारी रेट वर्षानुवर्षं एका डॉलरला 6.96 बोलिव्हियानो (तिथलं चलन) वर अडकलेला आणि बाहेर मात्र त्याच्या कितीतरी वर भाव, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा सगळेच बॅकपॅकर नोटा घेऊन फिरत होते. हे चोरांना आपल्याआधी माहीत असतं.

सागार्नागा रस्त्याच्या कोपऱ्यावर एकजण भेटला. पाठीवर सॅक, हातात नकाशा, तुटक इंग्रजी, म्हणाला मी चिलीचा, टर्मिनल कुठाय. आम्ही सांगतोय तेवढ्यात जॅकेट घातलेला दुसरा माणूस आला, कार्ड काढलं, टुरिस्ट पोलिस म्हणाला, या भागात ड्रग्ज आणि खोट्या डॉलरची तपासणी चालू आहे. कार्डाचं प्लास्टिक पिवळं पडलेलं आणि फोटोवर त्याचा अंगठा, तो शेवटपर्यंत हलला नाही. त्याने आधी पासपोर्ट मागितला तो त्या चिलीवाल्याचा. चिलीवाल्याने मुकाट्याने दिला, सॅक उघडून दाखवली, पैसे मोजून दाखवले, पोलिसाने 'ओके' म्हणून परत केले. मग आमच्याकडे वळला. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे बघा, आपल्यासारखाच एक प्रवासी तक्रार न करता सगळं दाखवतोय म्हटल्यावर आपण नाही म्हणणं आपल्यालाच विचित्र वाटतं. तो चिलीवाला त्यांचाच माणूस होता.

मित्र म्हणाला इथे रस्त्यात नाही दाखवणार, चौकीत चला. त्यालाही त्यांची तयारी होती, लगेच एक टॅक्सी येऊन थांबली, चिलीवाला सगळ्यात आधी जाऊन बसला आणि आम्हालाही म्हणाला चला चला, दोन मिनिटांचं काम आहे. गाडीत पोलिसाने पाकिटातल्या नोटा एकेक करून उजेडात धरल्या, वास घेतला, पुन्हा पाकिटात घालून पाकीट मित्राच्या सॅकच्या तळाशी स्वतः ठेवलं आणि वर कपडे दाबले. दोन-तीन गल्ल्या फिरवून उतरवलं, पासपोर्ट हातात दिले आणि गाडी गेली. हॉस्टेलवर पाकीट उघडलं तर वर एक डॉलरची नोट आणि खाली त्याच मापाचे कापलेले कागद.

आम्ही धडधाकट परत आलो हे नशीब, हे मी अगदी मनापासून म्हणतेय. 2006 साली दोन ऑस्ट्रियन प्रवाशांना अशाच नकली पोलिसांच्या टोळीने ला पाझमध्ये पळवलं, त्यांच्या कार्डांवरून पैसे काढले आणि दोघांना मारून टाकलं. तेही कोपाकाबानाहूनच आले होते. म्हणून पैशांचं सोडा, गाडीत पाऊल ठेवायचं नाही हे घट्ट धरा.

असं कुणी अडवलं तर पासपोर्ट हातात द्यायचा नाही, रंगीत झेरॉक्स दाखवायची, ओरिजिनल हॉस्टेलच्या लॉकरला आहे म्हणायचं, आणि मोठ्या आवाजात सांगायचं की आम्ही चालत चौकीत येतो. जवळच्या दुकानात शिरा, तिथल्या बायका लगेच मध्ये पडतात; आमच्या हॉस्टेलच्या मावशींनी तर सांगितलं की नुसता आरडाओरडा केला तरी हे लोक पसार होतात. टॅक्सी हवीच तर हॉस्टेलमधून फोन करून रेडिओ टॅक्सी मागवा, टपावर कंपनीचं नाव आणि नंबर असलेली. शहरात फिरायला 2014 ला सुरू झालेली केबल कार आहे, स्वस्त आहे, गर्दी असते, एकटं पडायला होत नाही. आणि डॉलर एका पाकिटात ठेवू नका, चौघांत वाटून घ्या, बदलायला जाताना त्या दिवसापुरतेच न्या.

खरे टुरिस्ट पोलिस मिराफ्लोरेस भागात, हर्नांदो सिलेस स्टेडियमसमोर बसतात, आम्ही तिथेच तक्रार दिली. तिथे 'देनुन्सिया' असा शब्द वापरा, म्हणजे लेखी तक्रार, आणि शिक्का मारलेली कॉपी घेतल्याशिवाय उठू नका. आमच्या इन्शुरन्सवाल्यांनी आधी तीच मागितली. कॅशचे पैसे त्यांनी दिले नाहीत, पॉलिसीत रोकड धरलेलीच नव्हती, त्यामुळे निघायच्या आधी तुमच्या पॉलिसीतलं ते कलम वाचून घ्या आणि एजंटकडून मेलवर लिहून घ्या.