सोलमधलं जिमजिलबांग: 4/5
सोलच्या शेवटच्या रात्री हॉटेलचे पैसे वाचवायला जिमजिलबांगमध्ये (कोरियातलं सार्वजनिक स्नानगृह, जिथे रात्रभर पडूनही राहता येतं) गेलो, 15,000 वॉन दिले की टीशर्ट-चड्डी, टॉवेल आणि मनगटाला चावी, आत खाल-प्याल ते त्या चावीवरच चढतं, हिशोब निघताना. अंघोळीला बायका-पुरुष वेगळे पण अंगावर चिंधीही चालत नाही, पहिली पाच मिनिटं मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग कळलं की कोणी ढुंकूनही बघत नाही. नंतर ती टीशर्ट-चड्डी घालून सगळ्यांच्या एकत्र हॉलमध्ये गरम फरशीवर लोळत पडलो तर एका आजींनी स्वतःहून माझ्या टॉवेलला दोन्ही बाजूंनी वळ्या घालून मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करून दिली, काय भारी वाटलं!! तपकिरी भाजकी अंडी आणि थंडगार सिख्ये (तांदळाचं गोड पेय) घ्याच. झोपेचं मात्र विसरा, उशी म्हणजे वीटच आणि शेजारचे काका पहाटेपर्यंत घोरत होते.