एसईसी की बिग टेन? शनिवार कोणाला द्यायचा आणि रँकिंग किती मनावर घ्यायचं

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डाऊन म्हणजे काय आणि टचडाऊनला किती गुण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. ऑगस्ट संपता संपता अमेरिकेत नव्याने आलेली, किंवा मुलांच्या कॉलेजमुळे या खेळात ओढली गेलेली आपली मंडळी विचारतात तो प्रश्न याच्या पुढचा असतो. मोसम तीन-साडेतीन महिन्यांचा, शनिवारी घरची शंभर कामं, तर विद्यापीठ-संघांच्या दोन मोठ्या गटांपैकी, म्हणजे कॉन्फरन्सपैकी, नेमाने बघायचं कोणाला? एसईसी की बिग टेन? आणि त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतोच: एसईसीचे इतके संघ कायम वर दिसतात, ते खरंच तेवढे भारी आहेत की नुसताच बोलबाला?

आधी माझी बाजू सांगून टाकतो. शिक्षण मिडवेस्टमधल्या बिग टेनच्या एका विद्यापीठात झालं आणि नोकरीमुळे बरीच वर्षं दक्षिणेत, एसईसीच्या ऐन मुलखात काढली. तटस्थ नाही, पण दोन घरचा पाहुणा असूनही उपाशी राहिलेलो नाही.

एसईसीचा तोरा उगाच आलेला नाही. 2006 ते 2012 असे सलग सात मोसम विजेतेपद याच कॉन्फरन्समध्ये राहिलं: फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), परत फ्लोरिडा, अलाबामा, ऑबर्न आणि मग दोनदा अलाबामा. 2011 च्या मोसमात तर अंतिम सामनाच अलाबामा आणि एलएसयू यांच्यात झाला. साखळीत एलएसयूने अलाबामाला 9-6 असं हरवलेलं होतं, तरी तीच जोडी परत समोरासमोर आणली आणि ओक्लाहोमा स्टेट बाहेर बसलं. पुढे 2019 ते 2022 हे चार मोसमही एलएसयू, अलाबामा आणि दोनदा जॉर्जियाने खाल्ले. 2022 चा अंतिम सामना जॉर्जियाने टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन) विरुद्ध 65-7 असा जिंकला. तो मी मध्यंतरानंतर बंद करून झोपलो.

मुंबईने 1958-59 पासून सलग पंधरा वेळा रणजी जिंकली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मुंबई जिंकली की खडूसपणा, हरली की अपघात असं म्हणायची रीतच पडली. एसईसीचं तसंच आहे. कर्तृत्व खरं, पण त्या कर्तृत्वाची पुण्याई आता कॉन्फरन्समधल्या मधल्या फळीलाही पुरवली जाते.

कारण त्यानंतरचे तीन मोसम बघा. 2023 मिशिगन, 2024 ओहायो स्टेट, 2025 इंडियाना. तिन्ही बिग टेनचे, आणि वाटेत एसईसीला हरवून गेलेले. मिशिगनने प्लेऑफमधल्या रोझ बाऊल सामन्यात अलाबामाला जादा वेळेत नमवलं. ओहायो स्टेटने टेनेसीला 42-17 आणि मग टेक्ससला 28-14. इंडियानाने अलाबामाला 38-3. यातला शेवटचा आकडा तर आमच्या ऑफिसात आठवडाभर कोणी तोंडातून काढला नाही.

आता रँकिंग. एपी पोल, म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची यादी, 1936 पासून चालत आलेली आहे. साठेक पत्रकार आणि समालोचक दर रविवारी पंचवीस नावं लिहितात. प्लेऑफच्या निवड समितीत तेरा जण असतात. त्यांची यादी नोव्हेंबरपासून मंगळवारी येते आणि खरं वजन तिलाच. तिसरं म्हणजे कॉम्प्युटरचं, उदाहरणार्थ बिल कॉनेली यांचं एसपी प्लस. ते कोण हरलं-जिंकलं यापेक्षा दर खेळीला संघ कसा खेळला ते बघतं.

पहिल्या दोन याद्यांची खोड एकच. सुरुवातीचा पोल चेंडूला पाय लागण्याआधी निघतो, म्हणजे गेल्या वर्षाची आठवण आणि नावाचा दबदबा यांवर. 2025 ला त्यात एसईसीचे दहा संघ होते आणि पहिल्या नंबरावर टेक्सस. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात हे दहा जण आपसात खेळतात. हरणारा ‘रँक असलेल्या संघाकडून हरला’ म्हणून फारसा खाली येत नाही, जिंकणारा ‘रँक असलेल्या संघाला हरवलं’ म्हणून वर जातो. म्हणजे पुरावा ठरतो तो ऑगस्टमधला अंदाजच. टेक्सस पहिल्याच शनिवारी ओहायो स्टेटकडे 14-7 असं हरलं आणि शेवटी प्लेऑफमध्येही पोचलं नाही.

एकतर्फी होऊ नये म्हणून सांगतो, त्याच यादीत दुसऱ्या नंबरावर बिग टेनचं पेन स्टेट होतं. ते तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून 42-37 असं हरलं आणि ऑक्टोबरात त्यांनी कोचला घरी पाठवलं. फुगा दोन्हीकडे असतो. फरक एवढाच की पेन स्टेटचा फुटला तसा सगळ्यांनी मान्य केला. एसईसीच्या संघाला मात्र संशयाचा फायदा मिळत राहतो. 2025 मध्ये अलाबामा सुरुवातीलाच फ्लोरिडा स्टेटकडून 31-17 असं हरलं होतं, आणि तो फ्लोरिडा स्टेट मोसमअखेर 5-7 (पाच विजय, सात पराभव) वर होता. पुढे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने अलाबामाला 28-7 असं धुतलं. समितीने त्यांना नवव्या नंबरावरून हलवलं नाही. त्याच दिवशी बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना 34-7 असा हरलं आणि एक पायरी खाली आलं. अलाबामाचे पराभव तीन, बीवाययूचे दोन. समितीची बाजू अशी की अलाबामाने पुढे ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर, 17-0 ने मागे असताना हरवून दाखवलं. मान्य. पण बीवाययूला ते दाखवायची संधी मिळाली नाही.

2023 चं फ्लोरिडा स्टेट तर अजून लोकांच्या तोंडी आहे. 13-0, कॉन्फरन्सचे विजेते, तरी तेव्हाच्या चार संघांच्या प्लेऑफबाहेर. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता हे कारण दिलं गेलं, आणि जागा एक पराभव असलेल्या अलाबामाला गेली.

एवढं सगळं असूनही मी बरीच वर्षं दोन्हीकडे सारखाच बघत होतो. मन फिरलं ते एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीमुळे: नोव्हेंबरचा तिसरा शनिवार.

मोसम ऐन रंगात आलेला असतो, पुढच्या एक-दोन आठवड्यांत थँक्सगिव्हिंग आणि पारंपरिक वैऱ्यांच्या लढती. अशा वेळी एसईसीचे बरेच संघ खालच्या विभागातल्या एखाद्या छोट्या कॉलेजला लाखो डॉलर मोजून बोलावतात आणि पन्नास गुणांनी धुतात. 2023 ला अलाबामाने चॅटनूगाला बोलावलं, 2024 ला मर्सरला, 52-7. इथले लोक त्याला लाडाने ‘कपकेक’ म्हणतात.

असाच एक सामना मी मैदानात जाऊन बघितलाय. कुठल्या संघाचा ते राहू दे. तिकीट पूर्ण किमतीचं, पार्किंगला मोठ्या सामन्याएवढेच पैसे. पहिल्या क्वार्टरमध्येच निकाल लागला. दुसऱ्यात घरच्या संघाचे मुख्य खेळाडू हेल्मेट काढून बाकावर गप्पा मारायला लागले. मध्यंतरानंतर विद्यार्थ्यांच्या गॅलरीत ॲल्युमिनियमचे बाक उन्हात चमकत होते, माणसं नव्हतीच. माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा, अंगावर संघाचं स्वेटर, कानाला रेडिओ लावून दुसऱ्याच सामन्याची कॉमेंटरी ऐकत होते. आलेला छोटा बँड मात्र जीव तोडून वाजवत होता. त्यांचा संघ चाळीसेक गुणांनी मागे असताना एक फील्ड गोल झाला, तर त्यांनी पूर्ण गाणं वाजवलं. दिवसभरातली मजा ती तेवढीच. मंगळवारी समितीची यादी आली, घरचा संघ होता तिथेच. त्या शनिवारी ज्यांनी खरोखरच्या संघाशी झुंज देऊन निसटता पराभव घेतला, ते खाली गेले.

बिग टेन असं करत नाही असं म्हणणार नाही. त्यांचे कपकेक सप्टेंबरात असतात, आणि इंडियानाने 2025 ला बाहेरचे तीन सामने ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट यांच्याशी ठेवले होते. पण 2016 पासून, करोनाचं 2020 सोडलं तर, बिग टेनचा प्रत्येक संघ कॉन्फरन्समध्ये नऊ सामने खेळतो. एसईसी, तेच 2020 वगळता, 2025 पर्यंत आठच खेळत आलं. हा एक सामना दिसतो तेवढा किरकोळ नाही. सोळा संघ आठ-आठ सामने खेळले की एकूण 64 सामने, म्हणजे वाटायला 64 पराभव. नऊ-नऊ खेळले की 72. म्हणजे एसईसीच्या वाट्याचे आठ पराभव दरवर्षी जन्मालाच येत नव्हते, आणि त्यांच्या जागी मर्सर, चॅटनूगा यांच्यावरचे विजय दिसत होते. 10-2 वाला एखादा संघ त्यातच 9-3 झाला असता. बारा संघांच्या प्लेऑफमध्ये एवढ्या फरकावर माणसं महिनाभर भांडतात.

म्हणून माझ्या मते, आणि हे मतच आहे, एसईसीचे वरचे तीन-चार संघ कोणाच्याही तोडीचे. त्यांना ओव्हररेटेड म्हणणं हा मिडवेस्टी आकस. पण पाचव्यापासून दहाव्यापर्यंतचे संघ एकेक पायरी चढवून ठेवलेले असतात. उलट तळाकडे गेलात तर एसईसीच सरस. बिग टेनमधल्या परड्यूने 2024 आणि 2025 या दोन मोसमांत कॉन्फरन्समधला एकही सामना जिंकला नाही. आणि 2024 मध्ये पहिल्या नंबरावरच्या अलाबामाला 40-35 ने लोळवणारं व्हँडरबिल्ट हे एसईसीचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक होतं. तेव्हा ‘इथे कोणीही कोणाला हरवू शकतं’ हा त्यांचा दावा अगदीच पोकळ नाही.

बघण्याच्या सोयीचं म्हणाल तर एसईसी निर्विवाद पुढे. सगळं एबीसी आणि ईएसपीएनच्या घरात, एका वर्गणीत काम होतं. बिग टेनसाठी फॉक्स, सीबीएस, एनबीसी, त्यांचं स्वतःचं नेटवर्क आणि वर पीकॉक. आमच्या घरात यावरून एकदा खर्चाची वही निघाली होती. शिवाय बिग टेनचे बरेच मोठे सामने सेंट्रल वेळेने सकाळी अकराला सुरू होतात, पोहे खाता खाता. आणि आयोवाचे काही सामने बघायला निग्रह लागतो. 2023 मध्ये त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू त्यांचा पंटर होता, टोरी टेलर. लांब किक मारून चेंडू परत देणाऱ्या माणसासाठी अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवतं, हे मला तरी आवडतं.

वातावरण, रात्रीचे सामने, नुसता गोंगाट हवा असेल, किंवा मूल ऑस्टिनला (टेक्सस) किंवा कॉलेज स्टेशनला (टेक्सस ए अँड एम) शिकत असेल, तर एसईसी घ्या, पस्तावणार नाही. 2026 पासून तेही नऊ सामने खेळणार आहेत, तेव्हा माझी तक्रार बरीच बोथट होईल. पण कोणाशीच नातं नसेल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातला प्रत्येक शनिवार वसूल व्हावा असं वाटत असेल, तर मी बिग टेनकडे बोट दाखवीन. रँकिंगचं म्हणाल तर पहिला महिनाभर एपी पोल बघूच नका. ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबा, मग एसपी प्लस आणि एपी शेजारी शेजारी ठेवा, आणि ज्या संघाच्या दोन नंबरांत दहा-बारांचा फरक दिसेल त्याचा पुढचा सामना लावा.