१८५५ दिवस वाट पाहिली आणि दोन स्टार दिले

मे २०२२ मध्ये अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' हा अल्बम आला, त्या शुक्रवारी कर्जत ते दादर प्रवासात अठराही गाणी ऐकली आणि जिना चढता चढता ग्रुपवर टाकलं: पाचपैकी दोन. आता बराच काळ लोटलाय. तो मेसेज डिलीट करायची सोय उरलेली नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी हा अल्बम ऐकतच नव्हतो, त्यात 'डॅम' शोधत होतो. 'डॅम' म्हणजे त्याचा आधीचा, २०१७ चा अल्बम, ज्यानंतर नव्यासाठी १८५५ दिवस वाट पाहिली, ज्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि जो मी जिममध्ये झिजवला. त्यात भर म्हणजे पाचच दिवस आधी त्याचं 'द हार्ट पार्ट ५' हे गाणं आलं होतं, जुन्या सोल गायक मार्विन गेच्या गाण्यावर बेतलेलं. ते ऐकून अख्खा अल्बम मी मनातल्या मनात तयार करून ठेवला होता. गंमत म्हणजे ते गाणं अल्बमच्या मूळ यादीत नव्हतंच! अल्बममध्ये मात्र टॅप डान्सचे आवाज, थेरपीच्या गप्पा, अध्यात्मावर लिहिणारे एखार्ट टोले. बीट जरा रंगात येतेय म्हणेपर्यंत बदलते.

'फादर टाइम' पहिल्या फेरीत माझ्या कानावरून गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केव्हातरी नीट ऐकलं. त्यात तो वडिलांना विचारतो, आजी गेली, तरी इतक्यात कामावर कसे निघालात? उत्तराचा सूर असा, की बिलं थांबत नाहीत. आमची आजी गेली तेव्हा बाबा पाचव्या दिवशी डबा घेऊन निघाले होते. मी विचारलंही नव्हतं. ते कडवं मी अजून सलग ऐकत नाही.

'सेव्हियर'मध्ये तो सरळच सांगतो की मी तुमचा तारणहार नाही. मुखपृष्ठावर मात्र डोक्यावर काटेरी मुकुट. म्हणजे आमच्या अपेक्षांचं काय करायचं, हे त्याने आधीच ठरवलं होतं.

तरी सगळं पचलेलं नाही. कोडॅक ब्लॅक या वादग्रस्त रॅपरला इतकी जागा का दिली, हे मला आजही पटत नाही. दुसऱ्या भागात दोन गाणी हमखास पुढे ढकलतो. आता चार स्टार. ग्रुपमधला एकजण अजून दोनवरच आहे, पण तो दुसऱ्याच गाण्याच्या, 'एन९५'च्या पुढे गेलेलाच नाही.

आणि 'वी क्राय टुगेदर' घरात स्पीकरवर लावू नका. साडेपाच मिनिटं नुसतं कडाक्याचं भांडण आहे. आई पोळ्या टाकून गॅलरीत गेली होती, कुणाकडे चाललंय ते बघायला.