जॉन प्राइन, आठ महिने वापरून: एका टपालवाल्याचा अनुभव

गेल्या गणपतीत मर्चंट नेव्हीतला चुलतभाऊ घरी आला होता, जाताना त्याचा पेन ड्राइव्ह आमच्याकडेच राहिला. त्यात आरत्या, दोन-तीन दशावतारी नाटकांची रेकॉर्डिंगं आणि 'जॉन पी' नावाचा एक फोल्डर, म्हणजे जॉन प्राइन, अमेरिकेतला स्वतः गाणी लिहून गाणारा माणूस, हे पुढं कळलं. आता आठ महिने तोच फोल्डर वाजतोय म्हणून म्हटलं लिहून टाकूया. आधीच सांगतो, मी जाणकार वगैरे नाही, देवगड तालुक्यात ग्रामीण डाक सेवक आहे, इंग्रजी बारावीपुरतं, आणि इंग्रजी गाणी म्हणजे नुसता धिंगाणा अशीच माझी समजूत होती.

पहिला महिना काहीच हाती लागलं नाही. एक माणूस, एक गिटार, गातोय की बोलतोय ते कळत नाही, चाली तर चार भाऊ एकाच तोंडवळ्याचे असतात तशा. आईने पडवीतनं विचारलं, "ह्येका सर्दी झाली हा काय रे?" आणि गंमत म्हणजे मला वाटत होतं फोल्डरमध्ये दोन गायक आहेत, एक नाकातनं गाणारा तरुण पोरगा आणि एक घसा बसलेला म्हातारा. दोघं एकच निघाले. 1998 साली मानेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशन, त्यात आवाज खाली गेला तो गेलाच. मग याने जुनी गाणी खालच्या पट्टीत घेऊन तशीच पुढं म्हटली. मला तर आता तोच आवाज जास्त आवडतो, तरुणपणी लिहिलेली म्हाताऱ्यांची गाणी त्या आवाजात कुठं नीट बसलीत.

आमच्याकडे रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर येते. त्यामुळे शब्द सड्यावर मोबाइलात वाचायचे आणि गाणं घरी येऊन ऐकायचं असा कारभार. तिथंच एकदा वाचलं की हा माणूस पोस्टमन होता! शिकागोच्या शेजारच्या मेवूड गावचा, 1946 चा जन्म, मध्ये लष्करात जर्मनीला जाऊन आला आणि परत टपाल वाटायला लागला. वाटता वाटता डोक्यात गाणी रचायचा, रस्ता रोजचाच, पाय आपोआप चालतात. तिकडच्या थंडीत वारा फार झाला तर रस्त्यावरच्या टपालाच्या मोठ्या लोखंडी पेटीत शिरून सँडविच खायचा म्हणे. मी पावसात थैली पोटाशी धरून लोकांच्या मांगरात उभा राहिलोय, त्यामुळे हे वाचून हसायलाच आलं. 1970 मध्ये रॉजर एबर्ट या सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाने त्याला एका लहान क्लबात ऐकलं आणि सिनेमा बाजूला ठेवून या गाणाऱ्या पोस्टमनवरच पेपरात लिहिलं. पुढच्याच वर्षी पहिली रेकॉर्ड आली. कव्हरवर साहेब गवताच्या भाऱ्यावर बसलेत, शहराकडचा माणूस, तोपर्यंत आयुष्यात कधी तसल्या भाऱ्यावर बसला नव्हता.

त्या रेकॉर्डवरचं 'पॅराडाइज' हे गाणं माझ्याकडनं सगळ्यात जास्त वाजलं असेल. त्याच्या आईवडिलांचं मूळ केंटकी राज्यातल्या म्युलेनबर्ग काउंटीत, तिथं ग्रीन नदीच्या काठी पॅराडाइज नावाचं खरंच एक गाव होतं, कोळशासाठी आजूबाजूची जमीन सोलून काढली आणि 1967 पर्यंत ते गावही उठलं. गाण्यात मुलगा बापाला सांगतो मला तिकडे घेऊन चला, बाप म्हणतो उशीर झाला. आमच्या घरामागं पूर्वी करवंदांची जाळी होती, आता चिरेखाण आहे, माणूस उभा बुडेल एवढे चौकोनी खड्डे आणि तळाला हिरवं पाणी. चिरे आमच्याही घराला लागलेत म्हणून मी फार बोलत नाही. पण गाणं लागलं की खिडकीतनं तिकडे बघणं होतंच.

त्याने हे गाणं वडिलांसाठी लिहिलं होतं. टेप ऐकवायची म्हणून कुणाचं तरी मशीन मागून आणलं, हे गाणं सुरू झाल्यावर वडील उठून शेजारच्या खोलीत अंधारात जाऊन बसले. का, तर म्हणे ज्यूकबॉक्सवर, म्हणजे हॉटेलातल्या नाणं टाकून गाणं लावायच्या मशीनवर, वाजतंय असं वाटावं म्हणून. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी ते वारले. हे मला गाण्यापेक्षाही जास्त लागलं. माझे बाबा असते तर तेही उठून खळ्यात गेले असते, तोंडावर कौतुक आमच्या घरात कुणी कुणाचं केलेलं नाही.

'हॅलो इन देअर' म्हाताऱ्या जोडप्याचं आहे, मुलं पांगलीत, एक कोरियाच्या लढाईत गेलाय, आता बोलायला काही उरलेलं नाही. लिहिलं तेव्हा हा जेमतेम विशी-बाविशीतला! लहानपणी एका वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा, तिथले काही म्हातारे इतरांसमोर याला आपलाच नातू असल्यासारखं वागवायचे, त्यातनं आलं म्हणे. आता माझ्या लाइनीत अठ्ठावीस घरं, त्यातली अकरा गणपती-शिमग्यालाच उघडतात, पाच घरांत एकेकटी म्हातारी. अंगठ्याच्या मशीनवर पेन्शन द्यायला जातो तर एका आजींची बोटं काजू सोलून सोलून इतकी झिजलीत की मशीन घेतच नाही, चार वेळा पुसायचं, मग बरं, दुसरं बोट. पूर्वी मी चिडायचो. आता स्पीकर बरोबर नेतो आणि चहाला नाही म्हणत नाही.

तक्रारीही आहेत. सत्तरच्या दशकातल्या मधल्या काही रेकॉर्डींत मागं एवढा बँड घातलाय की शब्द कुठं जातात कळत नाही. विनोदी गाणी शब्द वाचल्याशिवाय निम्मी फुकट. 'सॅम स्टोन', व्हिएतनामहून व्यसन घेऊन आलेल्या शिपायाचं, जेवताना लावू नका. आयरिस डिमेंटबरोबरचं 'इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्ज' मात्र नवराबायकोने मिळून ऐकावं, फक्त शब्दांचा अर्थ आईने विचारला तर विषय बदला.

एक गोष्ट आमच्या खात्यातला माणूस म्हणून लिहितोच. मोठ्या कंपन्या सोडून त्याने स्वतःची कंपनी काढली, तेव्हा लोकांनी रेकॉर्ड निघायच्या आधीच टपालाने चेक पाठवले, त्यावर पुढची रेकॉर्ड निघाली. मुंबईच्या मनीऑर्डरीवर अख्खी वाडी जगलेली आहे आमची, त्यामुळे याचं मला नवल नाही, पण छान वाटलं. 2013 ला फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तरी 2018 मध्ये नवी रेकॉर्ड केली, 'द ट्री ऑफ फरगिव्हनेस', सुरुवात करणाऱ्याने तीच आधी घ्यावी. 7 एप्रिल 2020 ला कोविडने गेला.

त्या काजूवाल्या आजी आता मी दिसलो की "त्या घसो बसलेल्याचा गाणा लाव" म्हणतात. परवा विचारलं, खयचो रे ह्यो? म्हटलं अमेरिकेचो, माझ्यासारखो पोस्टमनच होतो. आजींनी जरा विचार केला.

"मगे पेन्शन गावता काय तेका?"

"नाय ओ आजी, गाण्यासाठी नोकरी सोडल्यान तेणा."

"मगे खुळोच तो," म्हणाल्या आणि दुसरं बोट पुढं केलं.