नाशिकहून एका दिवसात राजाबाई टॉवर: सहल चांगली, क्रम उलटा

नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने नेऊन पंचवटीनेच परत आणणारी ही वारसा सहल मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारतींसाठी आहे. सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनवरून वीस-पंचवीस मिनिटं चाल. ग्रंथालय आणि दीक्षान्त सभागृह आतून बघायची परवानगी आयोजक आधीच काढून ठेवतात. पैसे वसूल होतात ते इथेच. टॉवरचा जिना मात्र बंद असतो, हे माहितीपत्रकात ठळक छापायला हवं.

चूक आहे ती क्रमात. इमारतीचं मुख्य अंग पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे. अकरा वाजता ते सावलीत असतं आणि कोरीवकाम सपाट दिसतं. तीननंतर ऊन फिरलं की कमानी, कोनाडे, कंगोरे उठून येतात आणि पश्चिमेच्या रंगीत काचाही आतून पेटतात. नेमकी तेव्हा मंडळी काळा घोड्याला पोचलेली असतात. काळा घोडा आणि जेवण आधी उरकलं तर सगळं जुळेल. सभागृहाचं मोठं गोल गवाक्ष उत्तरेला आहे, त्यामुळे ते कधीही बघावं. व्यास 20 फूट, बाहेरच्या वर्तुळात बारा राशी. 104 फूट लांब आणि 63 फूट उंच अशा त्या दालनात दक्षिणेच्या अर्धवर्तुळाकार टोकाशी उभं राहून मागे वळून पाहिलं, तर ते पूर्ण नजरेत मावतं.

मार्गदर्शकाची सनावळी पक्की आहे. आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे, जो मुंबईत कधी आलाच नाही. सभागृह 1874चं, ग्रंथालय आणि 280 फुटी टॉवर 1878चे. टॉवरला नाव मिळालं ते देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं. पण बिग बेनशी तुलना करण्यात फार वेळ जातो आणि रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचं नावसुद्धा निघत नाही. टॉवरवरचे पश्चिम भारतातल्या समाजांचे 24 पुतळे त्यांचे. पगडीचा पीळ बघूनच कोण कुठला ते ओळखायचं, पण वरच्या रांगेसाठी आठ पट दुर्बीण हवीच. ती आपली आपण न्यावी.

काळारामाच्या काळ्या पाषाणाला सरावलेल्या डोळ्यांना कुर्ल्याचा हा पिवळसर दगड वेगळाच वाटतो. फोर्टमधल्या त्या काळच्या इमारतींत नाजूक नक्षीला पोरबंदरचा मऊ चुनखडी दगडही वापरलेला दिसतो. छिन्नीला तो सोपा, खाऱ्या हवेला कच्चा. त्यात कुणी सांधे सिमेंटने भरले की ओल सांध्यातून निघू शकत नाही, दगडातून निघते. मागे राहिलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि पापुद्रे सुटतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या विटांची माती होते ती याच कारणाने. चुन्याची दरजभरणी ओल बाहेर सोडते. सहलीत यावर एक वाक्यही नाही. वाड्यात राहणाऱ्यांना सगळ्यात उपयोगी पडेल ते हेच होतं.

पंचवीस माणसांना एकच मार्गदर्शक, तोही माइकशिवाय. रस्त्याच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नाही, तेव्हा पुढेच राहावं. पावसाळा टाळावा. परतीची गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते, म्हणून सव्वापाचला ओव्हल सोडावं.