मल्टीमीटर, डीसी सप्लाय की थर्मल कॅमेरा? डेड बोर्डसाठी आधी काय घ्यावं

नागपूरच्या सीताबर्डीत गाळा घेतलेला असो की घरच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलेलं असो, लॅपटॉप दुरुस्ती सुरू करणाऱ्याला हा प्रश्न लवकरच पडतो. सोल्डरिंग आणि हॉट एअर तर लागणारच, पण डेड, म्हणजे चालूच न होणाऱ्या, बोर्डात वीज कुठे अडली हे शोधायला पैसे कशात घालायचे? थर्मल कॅमेऱ्याची गिऱ्हाइकावर छाप पडते, म्हणून पोरं आधी त्याच्या मागे लागतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यावा.

मल्टीमीटर तिघांत स्वस्त, आणि वीज पोहोचलीच नाही अशी जागा तोच नेमकी दाखवतो. अडॅप्टरचे १९ व्होल्ट जॅकवर आहेत, पहिल्या मॉस्फेटवर (वीज सोडणाऱ्या-अडवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) आहेत, पण दुसऱ्याच्या पलीकडे नाहीत, अशा बोर्डात बहुतेक वेळा काही तापतच नाही. मग कॅमेरा दाखवणार काय? मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, व्होल्टेज आहे का, चार्जिंग आयसीला अडॅप्टर लागल्याचं कळलं का, ३ आणि ५ व्होल्टच्या ऑलवेज लाइन (बटण न दाबताही चालू असणाऱ्या) उभ्या आहेत का, हे पायरीपायरीनं मीटरवरच बघावं लागतं. जोडणी तपासताना वाजणारा त्याचा बीप मात्र फसवतो. प्रोसेसरला वीज देणाऱ्या कॉइलवर चांगल्या बोर्डातही जेमतेम काही ओहम, कधी त्याहूनही कमी रेझिस्टन्स असतो. मीटर तिथे वाजणारच, आणि नवखा माणूस ‘प्रोसेसर शॉर्ट’ सांगून मोकळा होतो. बीप विसरा, ओहमचा आकडा वाचा.

३० व्होल्ट, ५ अँपिअरचा डीसी सप्लाय हा दुसरा खर्च, आणि माझ्या लेखी सगळ्यात वसूल होणारा. बोर्ड उघडायच्या आधीच तो निम्मी गोष्ट सांगतो. १९ व्होल्ट लावले आणि करंट शून्यावरून हललाच नाही, तर वीज आत गेलेली नाही. बटण न दाबता थोडेसे मिलीअँपिअर दिसले, तर स्टँडबाय बहुधा ठीक. लावताक्षणी करंट सप्लायवर ठरवलेल्या लिमिटला टेकून व्होल्टेज कोसळलं, तर मेन लाइन, म्हणजे अडॅप्टरची वीज बोर्डभर नेणारी लाइन, शॉर्ट. बटण दाबल्यावर करंट चढतो, पडतो, पुन्हा चढतो, असं चाललं असेल तर पुढची एखादी लाइन उभी राहत नाहीये, किंवा बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) घोळ आहे.

शॉर्ट शोधायला व्होल्टेज इंजेक्ट करायचं, म्हणजे शॉर्ट लाइनला बाहेरून थोडं व्होल्टेज देऊन बिघडलेला भाग तापवायचा, तेही यानंच, पण इथे घाई म्हणजे गिऱ्हाइकाच्या प्रोसेसरशी खेळ. बॅटरी काढा. मग मेन लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. या दोघांमधला वरचा मॉस्फेट आतून शॉर्ट झालेला असेल तर मेन लाइनला दिलेलं व्होल्टेज सरळ प्रोसेसरमध्ये जातं. तो धडधाकट निघाला तरीही १ व्होल्टपासूनच सुरुवात करा.

थर्मल कॅमेरा शॉर्ट झालेला कॅपेसिटर क्षणात दाखवतो, यात वाद नाही. पण किंमत पाच आकडी, आणि काम एवढं एकच. चकचकीत धातूवर आजूबाजूची उष्णता परावर्तित होऊन खोटे ठिपकेही दिसतात. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते कुठे आधी उडतं ते पाहिलं, तरी बरेच शॉर्ट सापडतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, अल्कोहोल सगळीकडूनच भराभर उडतं आणि हलका तापणारा कॅपेसिटर हातून निसटतो. तेव्हा रोझिनचा (सोल्डरिंगच्या राळेचा) धूर बोर्डावर बसवा. जिथे तो वितळून पारदर्शक होईल तिथे शॉर्ट. आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवा बा, नाहीतर त्याची हवा धूर बसूच देणार नाही.

कॅमेरा कधी घ्यावा? रोज बोर्ड येतात, त्यातले बरेच शॉर्टचे असतात आणि अल्कोहोलवर वेळ जातो, असं झालं की. त्याआधी, तुमच्याकडे टाइप-सीनं चार्ज होणारे लॅपटॉप जास्त येत असतील, तर टाइप-सीचा छोटा टेस्टर घ्या. तिथे चार्जर आधी ५ व्होल्टच देतो आणि लॅपटॉपशी बोलणं जमलं तरच २० पर्यंत चढतो. टेस्टरवर आकडा ५ वरच अडकला, तर आधी दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून बघा, मग पोर्ट आणि त्यामागची, चार्जरशी बोलणारी पीडी आयसी तपासा.