लोकल फायबरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर: साधा प्लॅन आणि स्टॅटिक आयपी, दोन्ही वापरून

सांगलीतल्या एका केबलवाल्याचं शंभर एमबीपीएसचं फायबर आमच्याकडे आहे. पिक्चर, क्लास, नवऱ्याच्या मीटिंगा, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. अपलोडही शंभरच मिळतो. पण हा रिव्ह्यू एकाच कामापुरता: जुन्या डेस्कटॉपवर माइनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हर लावायचा आणि लेकाच्या दोस्तांना, गावोगावच्या भाच्यांना बाहेरून खेळायला घ्यायचं. त्यासाठी साधा प्लॅन बिनकामाचा. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे इंटरनेटवरच्या फक्त आपल्या आणि न बदलणाऱ्या पत्त्याचे, पैसे भरलेत तर मात्र झकास.

राउटरमधलं काम पाच मिनिटांचं. डेस्कटॉपला १९२.१६८.०.५० हा पत्ता कायमचा बांधून दिला, टीसीपीचं २५५६५ पोर्ट (माइनक्राफ्टच्या सर्व्हरचं ठरलेलं दार) तिकडे वळवलं, विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी दिली. घरच्या वायफायवर पोरं मजेत खेळत होती, आणि पुण्याहून भाचीचा मेसेज: 'मावशी, कनेक्शन टाइम्ड आउट येतंय.'

अशा वेळी लोक पोर्टचे आकडे बदलत बसतात. त्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, काय दिसतो ते बघा. माझ्याकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारा, घरातल्या जाळ्यातलाच पत्ता होता. म्हणजे केबलवाल्याने लावलेला ओएनटीचा डबाही (ज्यात फायबरची तार येऊन लागते तो) राउटरचंच काम करत होता, आणि माझा राउटर त्याच्या पोटात. डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसती लाइन पुढे देण्यापुरता, टाकून पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड माझ्या राउटरमध्ये भरायला हवं होतं. कस्टमर केअरला फोन लावला तर, 'मॅडम, स्पीड टेस्ट करा, मोडेम बंद-चालू करा.' स्पीडची तक्रारच नाही म्हटलं तरी तेच. शेवटी लाइनवरचा पोरगा घरी आला आणि चहा निवायच्या आत ब्रिज करून मोकळा झाला.

आता वॅन आयपी १०० ने सुरू व्हायला लागला, आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा. पोरगा बघून म्हणाला, 'ताई, हा नॅटमधला आहे. तुमाला पब्लिक आयपी घ्यायला लागतोय.' बरोबर बोलला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास कंपन्यांच्या या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपास, ते पुरत नाहीत, म्हणून अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, तेच हे नॅट. सोसायटीचा पत्ता आहे, पण गेटवरच्या वॉचमनला फ्लॅट नंबर कुणी सांगितलेलाच नाही, मग पाहुणा तिथूनच परत. तो वॉचमन कंपनीचा, त्यामुळे आपल्या राउटरमध्ये कितीही नियम लिहा, उपयोग शून्य.

स्टॅटिक आयपी घेतला, महिना दोनशे, वर १८ टक्के जीएसटी. राउटर चालू-बंद केला आणि भाची आत! लाइट जाऊन आल्यावरही पत्ता तोच राहतो, ही खरी चैन.

तपासताना दोन गोष्टी सांभाळा. पोर्ट उघडं आहे का सांगणाऱ्या साइट्स सर्व्हर चालू नसेल तर 'बंद'च म्हणतात. आणि बाहेरचा पत्ता घरातल्याच वायफायवरून लावून बघू नका, बरेच राउटर ते जमू देत नाहीत. मोबाइल डेटावरून बघा. फोनवर खेळणाऱ्यांची बेडरॉक एडिशन असते, तिचं पोर्ट १९१३२ आणि तेही टीसीपी नव्हे, यूडीपी प्रकारचं. कंटाळून डेस्कटॉप डीएमझेडमध्ये (त्याची सगळीच पोर्ट्स बाहेर उघडी करणारी सेटिंग) टाकायचा मोह होतो, ते बिलकुल करू नका. व्हाइटलिस्टही (यादीतल्या नावांनाच आत घेणारी सोय) चालू ठेवा, उघडी पोर्ट्स धुंडाळणारे बॉट रात्रंदिवस फिरत असतात.

दोन-तीनच जण खेळणार असतील तर पैसे घालवू नका, टेलस्केल या, लांबच्या मशीन एकाच खाजगी जाळ्यात जोडणाऱ्या ॲपच्या फुकटातल्या खात्यावर भागतं. फक्त प्रत्येकाला ते आपापल्या मशीनवर टाकावं लागतं, आणि नववीतल्या पोरांकडून ते करून घेणं म्हणजे... असो.

वेग आणि लाइनवरच्या पोराला पाचपैकी पाच. फोनवरच्या मंडळींना एक, तोही नम्रपणे बोलतात म्हणून. आणि स्टॅटिक आयपीचे सहा महिन्यांचे पैसे एकदम मागतात, फक्त मे महिन्याच्या सुट्टीपुरता द्या म्हटलं तर नाही म्हणाले.